रोजमुऱ्याची तलवार

लिंबागणेशच्या वाचकाला इतिहासातल्या लढाया शोधायला फार लांब जावे लागत नाही. एका अंगाला गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी, भर पावसाळ्यात, थोरल्या माधवरावांनी तिथे निजामाची फौज मोडली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. दुसऱ्या अंगाला पाटोदा मागे टाकून जामखेड तालुक्यात शिरले की खर्डा येतो. 11 मार्च 1795 रोजी तिथे मराठा सरदार सवाई माधवरावांच्या झेंड्याखाली शेवटचे एकत्र उभे राहिले आणि निजामाला तहाला यावे लागले. आज भाविक भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला ज्या मुलखातून येतात, त्याच मुलखातून तेव्हा फौजांची ये-जा होती.

या दोन्ही लढाया आपल्याला पेशवा आणि निजाम यांच्या नावाने पाठ आहेत. त्यांत प्रत्यक्ष उभा राहिलेला माणूस कोण होता, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. खर्ड्याला निजामाच्या बाजूने रेमंड नावाच्या फ्रेंचाने शिकवलेल्या पलटणी होत्या. समोर शिंद्यांचे कवायती पायदळ घेऊन पेराँ नावाचा दुसरा फ्रेंच उभा होता. होळकरांकडे दुद्रनेक हा तिसरा. त्यांच्या हाताखाली आणि आजूबाजूला अरब, रोहिले, पठाण, हबशी, अयोध्येकडचे पुरभय्ये अशी नाना मुलखांची माणसे होती. त्यांतल्या अनेकांचे पुण्याशी नाते नव्हते आणि हैदराबादशीही नव्हते. ती पगारावर आली होती, आणि पगार थांबला असता तर दुसरीकडे गेली असती.

अशा भाडोत्री सैनिकांवरच्या साहसकथांची ही वाचनयादी आहे. लिंबागणेश आणि आसपासच्या गावांतल्या वाचणाऱ्या मुलामुलींच्या, शिक्षकांच्या आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांच्या हाती ती पडावी अशी इच्छा आहे. यादीआधी ही प्रस्तावना लांबवण्याचे कारण सरळ आहे. हा कथाप्रकार आपल्याकडे परका समजला जातो. आफ्रिकेच्या जंगलात उतरणारे गोरे बंदूकधारी, हेलिकॉप्टर, स्फोट, सिगारेट ओढणारा नायक असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात भाडोत्री सैनिक हा दख्खनच्या इतिहासातला घरचा माणूस आहे. त्याची गोष्ट कशी वाचावी हे कळायला मराठवाड्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या गोष्टींतला खरा ताण पगाराचा असतो. पैसे कोणी द्यायचे होते, कोणी बुडवले आणि ते शेवटी कोणाच्या घरातून वसूल झाले, या तीन प्रश्नांवर जी कथा उभी असते ती टिकते. बाकीच्यांचा धूर विरतो.

आधी माणसांची ओळख करून घेऊ. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगीर सरकारी किंवा सरदाराच्या पागेतल्या घोड्यावर बसे. हा फरक वरवरचा नव्हता. लढाईत घोडा पडला तर बारगिराला दुसरा मिळे. शिलेदाराचे मात्र सारे भांडवल त्या घोड्याबरोबर मातीत जाई. त्यामुळे शत्रूच्या तोफेवर घोडा घालताना शिलेदाराचा हात आखडता होई, आणि त्यात भ्याडपणा शोधणे अन्यायाचे ठरेल. गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेला बंदूकवाला पायदळ शिपाई. अरब जमादार येमेनच्या हद्रमौतमधून येत, आपापली टोळी बाळगत आणि किल्ल्याच्या पहाऱ्यापासून सावकारी वसुलीपर्यंत सारे करत. पेंढाऱ्याला पगारच नसे. लूट हीच त्याची कमाई.

या बाजाराचे व्यवहार ठरलेले होते. मोहिमेआधी शिलेदाराला नालबंदी मिळे, म्हणजे घोड्याची आणि स्वतःची तयारी करण्यासाठी उचल. पुढे रोजमुरा, म्हणजे नियमित पगार, चाले. हजेरीच्या दिवशी माणसाची चेहरेपट्टी लिहिली जाई, घोड्याला डाग दिला जाई. कारण मोजणीपुरता दुसऱ्याचा घोडा आणून उभा करणारेही कमी नव्हते. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजायला टीप लागणार नाही. ऊसतोडीचा मुकादम दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल देतो, कोयते जमवतो, टोळी घेऊन कारखान्यावर जातो आणि हिशेब शेवटी फिटतो किंवा फिरतो. जमादाराची टोळी अशीच जमे आणि अशीच अडके. एकदा उचल घेतली की माणूस मोकळा राहत नाही आणि मुकादमही राहत नाही. साहसकथेत ही अडकण दिसली की ती आपली वाटू लागते.

पगार थकला की काय होते, याचे सगळ्यांत भयंकर उदाहरण पुण्यातले आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तो करणारे गारदी वाड्याच्या पहाऱ्यावरचेच होते. त्यांचा पगार तुंबला होता, त्याच्या मागणीचे निमित्त पुढे होते आणि सुमेरसिंग गारद्याच्या मागे कारस्थान करणारे घरातले होते. ज्याच्या हाती आपण दाराची किल्ली देतो त्याची बाकी थकवणे किती महागात पडते, हे या एका दुपारी दिसले.

त्याच्या बारा वर्षे आधीचा एक प्रसंग मात्र याच्या नेमका उलट आहे. इब्राहिमखान गारदी फ्रेंचांच्या तालमीत तयार झालेला. आधी निजामाकडे होता, मग मराठ्यांकडे आला. आपल्या पलटणींचा पगार ठरल्या दिवशी मिळालाच पाहिजे, हा त्याचा हट्ट होता आणि त्यावरून मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्याशी त्याचे खटके उडत. 14 जानेवारी 1761 च्या सकाळी पानिपतावर तो भाऊसाहेबांकडे आला. काशीराज पंडित शत्रूच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या गोटात होता. त्याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. इब्राहिमखान म्हणाला की पगारासाठी आम्ही तगादा लावतो म्हणून आपण आमच्यावर रागावत होतात. या महिन्यात खजिना लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळाले नाही. त्याची आज काळजी नको. आम्ही फुकट पगार घेत नव्हतो हे आज दाखवतो. नंतर संगिनी चढवून त्याच्या पलटणी रोहिल्यांवर गेल्या आणि त्यांनी समोरची फळी फोडली. संध्याकाळी मराठ्यांचा डाव मोडला तेव्हा इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. तो जिवंत परत आला नाही.

पगारासाठी भांडणारा माणूसच बिनपगारी दिवशी सर्वांत पुढे उभा राहिला. भाडोत्री सैनिकाला पैशापलीकडे निष्ठा नसते असे ज्याला वाटते, त्याने हा प्रसंग वाचावा. आणि निष्ठा असली की पैशाचे काही नसते असे ज्याला वाटते, त्यानेही वाचावा. इब्राहिमखानाला आपल्या शिपायांच्या पोटाची काळजी होती आणि धन्याच्या अब्रूचीही. या दोहोंत ओढाताण होते तिथे कादंबरी जन्माला येते.

खर्ड्यानंतर रेमंडच्या पलटणींचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. रेमंड 1798 च्या मार्चमध्ये मेला. हैदराबादेत मलकपेठच्या बाजूला टेकडीवर त्याची कबर आहे आणि तिथली माणसे त्याला मुसा राम, मुसा रहीम अशा नावांनी अनेक वर्षे मानत आली. त्याच्या जागी पिराँ आला; शिंद्यांकडचा पेराँ वेगळा. इंग्रजांनी निजामाशी तह करून फ्रेंच पलटणी मोडायचे ठरवले. ऑक्टोबरमध्ये ती वेळ आली तेव्हा शिपायांनी थकलेल्या पगारासाठी आपल्याच फ्रेंच सेनापतीला धरून ठेवले. बाकी मिळेल असा शब्द मिळाला आणि हजारो कवायती शिपायांनी जवळजवळ रक्त न सांडता शस्त्रे खाली ठेवली. दख्खनच्या राजकारणाची दिशा बदलणारी ही घटना एका पगारवहीने घडवली.

याच हिशेबाची आणखी मोठी आवृत्ती आपल्या शेजारी घडली. निजामाच्या नावावर पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज ठेवली गेली होती. तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर साचत गेला. 1853 मध्ये त्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेला आणि त्याबरोबर नळदुर्गचा मुलूखही. म्हणजे आजच्या धाराशिवकडच्या शेतकऱ्याचा सारा काही वर्षे एका फौजेच्या पगारासाठी गहाण पडला होता.

दुसऱ्या बाजूला पगार वेळेवर देणारा धनी काय करू शकतो, हे महादजी शिंद्यांनी दाखवले. बेन्वा द बॉइन हा सव्हॉयमधल्या शांबेरीचा, जन्म 1751 चा. फ्रान्सची चाकरी झाली, रशियाची झाली, तुर्कांची कैद झाली, मद्रासची नोकरी झाली आणि 1784 मध्ये तो महादजींकडे आला. त्याला दरमहा हजार रुपये आणि शिपायामागे आठ रुपये अशी बोली होती. सुरुवात दोन पलटणींनी झाली. पुढे कंपू, म्हणजे पलटणींचे मोठे गट, वाढले. पगारासाठी दुआबातला मुलूख तोडून दिला गेला आणि वसुली बॉइनच्या हाती आली. जखमी शिपायाला मदत, कायमचा जायबंदी झालेल्याला जमीन अशी सोय त्याने केली. पाटण, मेडता, लाखेरी या लढाया या फौजेने जिंकल्या. 1795 च्या अखेरीस तो प्रकृतीच्या कारणाने निघून गेला. आपल्या गावाला त्याने इतके दान दिले की शांबेरीत त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभे आहे. फ्रान्समधल्या डोंगराळ गावातले ते हत्ती शिंदेशाहीच्या पैशाने तिथवर पोहोचले.

पण बॉइनच्या फौजेत एक भेग होती आणि ती 1803 मध्ये उघडी पडली. इंग्रजांनी लढाईआधी जाहीर केले की मराठ्यांच्या चाकरीतल्या आमच्या माणसांनी ती सोडावी, त्यांची सोय आम्ही लावू. अनेक अधिकारी निघून गेले. पेराँही गेला. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईची लढाई झाली तेव्हा शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. तो पूर्वी कंपनीच्या फौजेत सार्जंट होता. शिंदे आणि भोसले यांनी मैदान लवकर सोडले. तोफखान्यावरची माणसे मात्र हलली नाहीत. शत्रू तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून पुन्हा तोफा डागल्या. इंग्रज सेनापती वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या बाजूच्या बेगम समरूच्या पलटणी त्या दिवशी सामानाच्या रखवालीवर होत्या. त्यांतल्या बहुतेक शिस्तीने रण सोडून निघून गेल्या. अधिकारी विकले गेले, सरदार निघून गेले आणि आठ-दहा रुपयांचा शिपाई तोफेला चिकटून राहिला. त्या शिपायाचे नाव कुठेही नाही. यशवंतराव होळकरांनी पुढच्या वर्षी, इंग्रजांविरुद्ध लढणार नाही म्हणणाऱ्या विकर्ससह आपल्या तीन अधिकाऱ्यांचा शिरच्छेद केला. याच विकर्सने 1802 मध्ये हडपसरला त्यांना पुणे जिंकून दिले होते. भाड्याच्या विश्वासाची दोन्ही टोके या दोन वर्षांत दिसतात.

आता पुस्तकांकडे वळू. सुरुवात मराठीपासून करावी, कारण पार्श्वभूमी आपल्या अंगवळणी असते.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (1962) बहुतेक घरांत असते. ती पती-पत्नीच्या प्रेमाची आणि तरुण पेशव्याच्या दुखण्याची कथा म्हणून वाचली जाते. यादीसाठी ती पुन्हा वाचताना माधवरावांच्या कर्जाकडे आणि फौजेच्या खर्चाकडे लक्ष ठेवा. राक्षसभुवनाआधी जानोजी भोसले बत्तीस लाखांच्या मुलखाच्या बोलीवर निजामाला सोडून आले होते. असे सौदे करणाऱ्या धन्याच्या मनावर काय ओझे असते, ते या कादंबरीच्या वातावरणात सतत जाणवते.

विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (1988) मध्ये उपासमार, थकलेला पगार, जनावरांचा चारा आणि अडलेली रसद हे सारे लढाईइतकेच महत्त्वाचे आहे. इब्राहिमखान तिथे जिवंत माणूस म्हणून भेटतो. ही कादंबरी जाड आहे म्हणून घाबरू नये. पहिली शंभर पाने झाली की ती हातातून सुटत नाही.

ना. सं. इनामदार यांची ‘झुंज’ यशवंतराव होळकरांवर आहे. स्वतःच्या बळावर फौज उभी करणारा, पगार देण्यासाठी मुलूख धुंडाळणारा, पठाण, पेंढारी आणि गोरे अधिकारी एका छावणीत सांभाळणारा हा नायक साहसकथेला हवा तसा आहे. भाडोत्री फौजेचा धनी होणे किती एकाकी असते, ते इथे कळते. यादीतले एकच मराठी पुस्तक निवडायचे असेल तर मी हे निवडीन.

इंग्रजी वाचता येणाऱ्यांनी मेडोज टेलरपासून सुरुवात करावी. हा इंग्रज मुलगा 1824 मध्ये मुंबईला उतरला, निजामाच्या फौजेत लागला आणि आयुष्याची उमेदीची वर्षे त्याने हैदराबाद संस्थानातच काढली. नळदुर्गचा कारभारही त्याने पाहिला. म्हणजे तो स्वतः निजामाच्या पगारावरचा परदेशी अधिकारी होता, आणि आपल्या वाटा, गढ्या, बाजार त्याने पायाखाली घातले होते. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (1839) ठगांच्या कबुलीसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यातला अमीर अली चितू पेंढाऱ्याच्या टोळीत सामील होतो, तो भाग या यादीसाठी मोलाचा आहे. पेंढाऱ्यांची स्वारी आतून कशी दिसते, टोळीत जाण्याचा मोह कसा पडतो आणि लुटलेल्या गावात काय उरते, हे तिथे एकत्र येते. टेलरची नजर राज्यकर्त्याची आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स ट्रायम्फ’ (1998) ही कादंबरी अहमदनगरच्या वेढ्यातून निघून असईच्या रणात संपते. पोलमन तिच्यात आहे आणि विल्यम डॉड हा कंपनीतून पळून शिंद्यांकडे गेलेला अधिकारी खलनायक आहे. जालना जिल्ह्यातल्या आपल्या ओळखीच्या नद्या एका जगप्रसिद्ध साहसकथेत वाहताना वाचणे हा निराळाच आनंद आहे. लढाईची मांडणी, संगिनींची रांग, तोफेचा पल्ला हे कॉर्नवेल फार नेमके सांगतात. पुढच्या भागात गाविलगड येतो. उणीव अशी की मराठी माणसे त्यांत बरीच दुरून दिसतात. शिंद्यांच्या गोलंदाजाला घर नाही, गाव नाही. म्हणून ही पुस्तके ‘झुंज’च्या शेजारी ठेवून वाचावीत. एकीत जे दिसत नाही ते दुसरीत दिसते. बॉइन, पेराँ, जॉर्ज थॉमस, स्किनर यांची खरी चरित्रे हवी असतील तर हर्बर्ट कॉम्प्टन यांचे 1892 चे इंग्रजी पुस्तक शोधावे. आयर्लंडचा खलाशी जॉर्ज थॉमस हांसीला स्वतःचे राज्य उभारून बसला, ही हकीकत कोणत्याही कादंबरीला मागे टाकते.

जगातल्या पुस्तकांत सर्वांत जुने आहे ग्रीक झेनोफनचे ‘अ‍ॅनाबॅसिस’. इसवी सनापूर्वी 401 मध्ये दहा हजार ग्रीक सैनिक इराणच्या राजपुत्राने भाड्याने घेतले. पहिल्याच मोठ्या लढाईत तो राजपुत्र मेला. धनी गेला, पगार गेला, सेनापती दग्याने मारले गेले, आणि परक्या मुलखाच्या मध्यावर उभ्या असलेल्या या माणसांना चालत समुद्र गाठायचा होता. झेनोफन त्यांच्यातलाच एक. भाडोत्री सैनिकाची प्रत्येक पुढची कथा कुठे ना कुठे या चालीवर पाऊल टाकते.

कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सइतकाच जीव ‘द व्हाइट कंपनी’ (1891) मध्ये ओतला. चौदाव्या शतकातल्या धनुर्धाऱ्यांच्या टोळीची ही कथा तरुण वाचकाला लगेच आवडेल. शौर्याचे वर्णन तिच्यात फार गोड आहे. उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यांची पाने मात्र घाईने उलटू नका. स्पॅनिश लेखक आर्तुरो पेरेझ-रेव्हर्ते यांचा ‘कॅप्टन अलात्रिस्ते’ (1996) सतराव्या शतकातल्या माद्रिदमध्ये राहतो. फ्लँडर्सच्या लढाया लढून आलेला हा सैनिक आता पोटासाठी तलवार भाड्याने देतो, आणि कोणाला मारायचे नाही हे ठरवताना जीव पणाला लावतो. राज्य मोठे, शिपाई उपाशी, हे चित्र इथे फार उत्तम उतरले आहे.

फ्रेडरिक फॉर्सिथ यांची ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ (1974) आधुनिक काळातली या प्रकारातली सर्वांत भक्कम कादंबरी आहे. फॉर्सिथ बियाफ्राच्या युद्धाचे वार्ताहर होते, म्हणून ऐकीव काही नाही. एका आफ्रिकी देशातले प्लॅटिनम हडपण्यासाठी लंडनचा खाणमालक तिथली सत्ता उलथवण्याचे कंत्राट देतो. कादंबरीचा बहुतेक भाग तयारीचा आहे: बँकेची खाती, हत्यारांचे परवाने, जहाज, गणवेश, दारूगोळ्याची लपवाछपवी. लढाई अगदी शेवटी येते आणि थोडक्यात आटोपते. उतावळ्या वाचकाला हे संथ वाटेल. पण युद्ध हा आधी व्यवहार असतो आणि त्याचा फायदा रणापासून फार दूर बसलेला माणूस मोजतो, हे इतक्या बारकाईने सांगणारी दुसरी साहसकथा मला ठाऊक नाही.

यादीत एक चित्रपट मुद्दाम घेतला आहे: अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराय’ (1954). दरोडेखोरांना कंटाळलेले शेतकरी सात बेकार योद्ध्यांना भाताच्या मोबदल्यावर ठेवतात. योद्ध्यांना पांढरा भात मिळतो आणि शेतकरी स्वतः हलके धान्य खातात. हेच शेतकरी पूर्वी हरलेल्या, पळणाऱ्या सामुरायांना मारून त्यांची चिलखते लपवून बसलेले असतात, हे कळते तेव्हा चित्रपट एकदम खोल जातो. भाडोत्री सैनिकाची गोष्ट गावाच्या बाजूने कशी सांगावी, याचा तो वस्तुपाठ आहे.

गावाची बाजू हाच माझ्या मते चांगल्या आणि वाईट साहसकथेतला फरक. फौज कुठल्याही बाजूची असो, घोड्याला दाणा-वैरण लागते आणि ती कोणाच्या तरी खळ्यातून येते. शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना जे पत्र लिहिले ते म्हणून इतके मोठे आहे. साठवलेली वैरण बेताने वापरा, गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नका, रयतेच्या भाजीलासुद्धा हात लावू नका, लागेल ते रोख पैसे देऊन बाजारातून आणा, असा त्याचा आशय आहे. फौजेला वेळेवर रोख पगार आणि रयतेला अभय या दोन गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत, हे त्या राजाला उमगले होते. साहसकथा वाचताना या पत्राची कसोटी लावा. लेखकाला खळे दिसते का? लढाई संपल्यावर त्या गावात चूल पेटली की नाही, हे त्याला ठाऊक आहे का?

कोणी म्हणेल की हे सारे जुने झाले. तसे झालेले नाही. 1977 मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पूरक कराराने भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचे हक्क नाकारले, तरी त्याचा बाजार उठला नाही. जून 2023 मध्ये रशियाची वॅग्नर टोळी आपल्याच धन्यावर उलटून मॉस्कोच्या दिशेने निघाली, तेव्हा पहाऱ्यावरच्याच माणसांनी वाड्यावर चालून जाण्याची गोष्ट नव्या कपड्यांत पुन्हा दिसली. 2024 मध्ये तर भारतातले तरुण मदतनिसाच्या नोकरीच्या आमिषाने रशियात नेले गेले आणि युक्रेनच्या आघाडीवर उभे केले गेले. काही जण मेले. आपल्या भागात पहाटे रस्त्यावर धावणारी, सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले गावोगाव दिसतात. देशाची वर्दी घालण्याची त्यांची इच्छा आदराची आहे. भरती हुकली की परदेशी मोठ्या पगाराची गोष्ट घेऊन येणारा एजंट त्याच मुलांना गाठतो. नालबंदी घेण्याआधी जमादाराला काय विचारावे, हे ज्याने चार चांगल्या कादंबऱ्यांत वाचले आहे तो मुलगा करारावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न जास्त विचारील. करमणुकीच्या पुस्तकाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आणखी एक मागणे लेखकांपाशी आहे. खर्ड्याच्या मोहिमेत निजामाच्या जनानखान्याच्या पहाऱ्यावर असलेल्या बायकांच्या पलटणीही होत्या. त्यांतल्या एखादीच्या तोंडून खर्ड्याची कथा वाचायला मिळावी. 1818 मध्ये इंग्रजांसमोर मालेगावचा भुईकोट महिनाभर लढवणाऱ्या अरबांपैकी एखाद्याची, किंवा असईच्या तोफेशेजारी मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या गोलंदाजाची कादंबरी मराठीत यावी. हे कथाबीज कोणाकडून उसने आणायचे नाही. ते आपल्याच मुलखात पेरलेले आहे, आणि लिहिणारा बीड, जालना, धाराशिव यांपैकी कुठल्याही खेड्यातला असू शकतो.

वाचकहो, यादी कुठूनही सुरू करा. ‘शार्प्स ट्रायम्फ’ आणि ‘झुंज’ वाचून झाल्या की एकदा असईला जाऊन त्या दोन नद्या पाहून या, आणि ‘स्वामी’ पुन्हा हाती घेतलीत तर राक्षसभुवनला जाऊन या; दोन्ही जागा एका दिवसात जाऊन येण्यासारख्या आहेत. गावच्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर ते मागा, मागितल्याशिवाय ते येत नाही. आणि वाचताना शेवटच्या पानावर थांबून एवढे विचारा: या लढाईची बाकी कोणी चुकती केली? ज्या लेखकाने उत्तर दिले असेल, त्याचे पुस्तक पुढच्या माणसाच्या हाती द्या.